विहिरीला झाकण

मंगळवार, ११ मार्च २०२५. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं.

माळगार ओणीतली विहीर बुजवली! त्या गल्लीची एकुलती एक विहीर! वेळ तिथेच घड्याळात बघून ठेवली, तीच लिहिते आहे. हे लोक उद्या तारीखसुद्धा बदलतील.

सव्वादहाला ओणीतली तानूबाई पदर खोचून धावत आली. "अक्का, चला की वो लवकर! हिरीत दगूड ओतायलेत!" मला वाटलं, लोखंडी जाळी बसवायचं काम सुरू झालं असेल, त्यासाठीचे दगड. तिलाच म्हटलं, "अगं, ओतत नसतील, बाहेर उतरवत असतील." चपला घालायला पाच मिनिटं घेतली. लाज वाटते.

जाऊन बघते तर आठ-नऊ टिपर आधीच रिकामे झालेले. माझ्या डोळ्यांदेखत शेवटचा झाला. दहा चाळीस. चाळीस फूट खोल, घडीव दगडाची विहीर, भर मार्चात बारा फूट पाणी! तिच्यात उखडलेल्या रस्त्याचं डांबर, विटा, तुटक्या फरशा. सगळ्यात वर कुणाच्या तरी न्हाणीतला फुटका कमोड. काठावर ओणीतल्या बायका कळश्या घेऊन उभ्या.

महापालिकेचा ज्युनिअर इंजिनिअर प्रभंजन हातात फाइल घेऊन उभा होता. मी विचारलं, हे कुणी सांगितलं? तर कन्नडमध्ये म्हणतो, "ठराव निम्द ऐतरी, मॅडम." ठराव तुमचाच आहे! माझा? मी विहिरीला झाकण घाला म्हटलं होतं! गेल्या महिन्यात तानूबाईची शेळी आत पडून मेली, त्याच कठड्यावर पोरं बसतात, म्हणून सत्तावीस फेब्रुवारीच्या सभेत या वॉर्डाची नगरसेविका या नात्यानं मीच उठून बोलले. पंच्याऐंशी हजाराची जाळी. एवढंच.

मी त्याला सगळ्यांसमोर अक्कलशून्य म्हटलं. आणखीही बरंच. तो फाइल उघडायचा आणि मिटायचा.

दुपारी एकला आयुक्तांना पत्र दिलं, इंग्रजीत, दोन पानं. जबाबदार अधिकाऱ्यावर कडक कारवाई करा, सात दिवसांत लेखी खुलासा द्या. नन्सनी शिकवलेलं इंग्रजी असं कधी कधी कामाला येतं. पत्र झकास झालं आहे.

बुधवार, १२ मार्च

पत्राची पोच आली. शिक्का गोल, सही वाचता येत नाही. झोप छान लागली.

गुरुवार, १३ मार्च

कामाचा वेग कळला. मार्च एंड! एकतीस तारखेच्या आत बिल झालं नाही तर पैसे परत जातात, म्हणून वर्षभर झोपलेल्या फाइली या महिन्यात पळायला लागतात. एरवी गटाराच्या एका फरशीसाठी मी सात महिने पायऱ्या झिजवल्या. विहीर मात्र बारा दिवसांत!

आणि ऐका — जाळीला पंच्याऐंशी हजार लागले असते, बुजवायला एक्केचाळीस लागले. राडारोडा रस्त्याच्या कामातला, फुकटचा. हिशेब खात्यातला माणूस मला म्हणाला, "उलट पैसे वाचले, मॅडम." अभिनंदनाच्या सुरात.

नळ सहा दिवसांतून एकदा. ओणीत बावीस घरं, बहुतेक अळणावरकडच्या खेड्यांतून मजुरीला आलेली. तानूबाई लग्नाच्या केटररची भांडी घासते, तीन-तीन फुटांची पातेली, विहिरीच्या काठावर. ती भांडी आता सहा दिवसांनी येणाऱ्या नळावर घासायची? केटररनं आजच दुसरी बाई बघितली म्हणे.

मी तिला म्हटलं, "सोडत नाही मी त्या इंजिनिअरला." ती म्हणाली, "त्याला सोडा न्हाईतर धरा. झाकण घाला म्हटलं, तर नरडंच दाबलं की वो."

शुक्रवार, १४ मार्च

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही. म्हणून लिहिते.

सभेचं इतिवृत्त बघायला गेले. त्यांच्या तोंडावर मारायला कागद हवा होता. विठ्ठलराव म्हणून तिथले जुने कारकून आहेत, निवृत्तीला आले, घरी मराठी बोलणारे. त्यांनी रजिस्टर काढलं. सगळं कन्नडमध्ये. मी कन्नड बोलते फाडफाड, भांडते तर त्याहून. वाचायला मात्र बोट लावावं लागतं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला कन्नड किंवा मराठी बोललं तर चार आणे दंड होता. मी एकाही वर्षी दंड भरला नाही, आणि त्याचा मला अभिमान होता.

म्हणून विठ्ठलरावांनीच वाचलं. माळगार ओणीतील बावी मुच्चिसण्याचा सदस्या शालिनी नेसरीकर यांनी आग्रह धरला, सबब मंजूर. खाली माझी सही. इंग्रजीत, झोकदार.

मी म्हटलं, "बघा! मुच्चिसणं! झाकणं! मी हेच म्हणाले होते. बावी मुच्चसरी."

विठ्ठलरावांनी चष्मा काढला. "अक्का, बावी मुच्चसरी म्हणजे विहीर बुजवा."

"मुच्च म्हणजे झाक. आमच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं—"

"पातेलं मुच्च म्हणजे झाक. दार मुच्च म्हणजे लाव. शाळा मुच्चली म्हणजे बंद पडली. आणि विहीर मुच्चली म्हणजे—" त्यांनी हातानं माती लोटल्यासारखं केलं. मग घाईनं म्हणाले, "तुम्ही जाळी म्हणायला हवं होतं. नाहीतर मुच्चळ, म्हणजे झाकण. पण होतं असं."

होतं असं! मी रजिस्टर मिटून त्यांच्या हातात दिलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांचं बाजारात स्टीलच्या भांड्यांचं दुकान, गडहिंग्लजहून सासऱ्यांनी येऊन टाकलेलं. सगळी गिऱ्हाइकं कन्नड बोलणारी. हे पेपर न खाली करता म्हणाले, "आमच्याकडे मुच्चळ मागतात बायका. मुच्चा म्हणून कुणी येत नाही. येईल त्या दिवशी मी दुकान बंद करीन."

एरवी मी हसले असते.

शनिवार, १५ मार्च

तरीही. इतक्या लोकांनी सह्या केल्या, एकालाही वाटलं नाही, चालू विहीर का बुजवताय? माणूस चुकीचा शब्द बोलतो, डोकं कुठे गेलं होतं यांचं? माझा मुद्दा चूक नाही.

मुद्दा चूक नाही, असं मी सकाळपासून तीनदा म्हटलं आहे.

रविवार, १६ मार्च

प्रभंजन घरी आला. हातात कारणे दाखवा नोटीस. माझ्या पत्रावरून निघालेली. माझी वाक्यं जशीच्या तशी कन्नडमध्ये उतरवली आहेत, 'अक्षम्य बेजबाबदारपणा' वगैरे. माझं इंग्रजी कन्नडमध्ये फार क्रूर वाटतं.

व्हरांड्यात उभाच होता. बसा म्हटलं, बसला नाही. ताक दिलं, ते घेतलं. डोक्यावरचे केस गेलेले, वय छत्तीस. मी इतके दिवस त्याला पंचविशीतला पोरगा समजून बोलत होते. मोडक्या मराठीत म्हणाला, "मॅडम, अकरा वर्षं परीक्षा दिलं मी. मग हे नौकरी. प्रोबेशन सप्टेंबरला संपतंय. नोटीस लागलं तर संपत नाही, नौकरीच संपतंय." मग म्हणाला, "तुम्ही एक पत्र द्या. गैरसमज झाला म्हणून. कुणाचा ते लिहू नका."

मी म्हटलं, बघते.

त्यानं पेला विसळून कट्ट्यावर पालथा ठेवला आणि गेला. अजून एक गोष्ट त्याला बोलता आली असती. बोलला नाही.

सोमवार, १७ मार्च

अकरा तारखेला या वहीत सगळं लिहिलं. एक सोडून.

दहा मार्च, सोमवार, संध्याकाळी सात वीसला प्रभंजनचा फोन आला होता.

मी भाचीच्या साखरपुड्यात होते. फोटोला उभं राहायचं चाललेलं, सनई कर्ण्यातून कानात. त्यानं विचारलं, "मॅडम, बावी पूर्ती मुच्चबेकेनरी?" पूर्ण मुच्चायची का? मला वाटलं, पूर्ण झाकायची का, का पाणी काढायला फट ठेवायची, असं विचारतोय. मला राग आला. कसला, ते आता सांगता येत नाही. फोटोचा असेल. मी म्हटलं, "पूर्तीच! अर्धी कोण झाकतं? दुधाचं पातेलं आहे का ते?" तो म्हणाला, "मॅडम, एकदा खात्री—" मी म्हटलं, "कन्नड बरंगिल्लेन निमगे?" तुम्हाला कन्नड येत नाही का?

मी! त्याला!

शेजारच्या बायका हसल्या. त्यांना हसवण्यासाठीच मी ते जरा मोठ्यानं म्हटलं होतं. फोन ठेवला आणि फोटोत छान हसले. फोटो बघितला आज. खरंच छान हसले आहे.

बत्तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, शेवटची अकरा सुपरवायझर म्हणून. नव्या मुलींना पहिल्या दिवशी एकच नियम सांगायची — ऐकलेलं परत म्हणून दाखवा, हो आल्याशिवाय तार जोडू नका. तो माणूस नेमकं तेच करत होता.

आणि दुसऱ्या दिवशी त्याला बावीस घरांसमोर अक्कलशून्य म्हणाले. फोनची आठवण नव्हती असं नाही. टिपरचा आवाज ऐकताक्षणीच आठवण झाली. म्हणूनच इतकं ओरडले.

बुधवार, १९ मार्च. रंगपंचमी.

अकराच्या सुमाराला ओणीतल्या बायका आमच्या अंगणात. वीसेक तरी. हिरव्या, गुलाबी, जांभळ्या, कुणाचे नुसते दात ओळखू येत होते. हातात बादल्या, काखेत पोरं. दर वर्षी रंग विहिरीवर धुतात. आज कुठे धुणार? नळ शनिवारचा.

तानूबाई पुढे. कपाळापासून हनुवटीपर्यंत निळी. "कॉर्पोरेटरीणबाई, आमास्नी धुवून द्या."

मी गच्चीवरची टाकी सोडली. पाइप लावला. हे स्वतः पाइप धरून उभे राहिले — बायकांना अंघोळ घालायला नवरा उभा केला बघा अक्कांनी, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या खिदळल्या. हे पाइप टाकून आत पळाले. ज्योती म्हणून एक तरणी आहे, ती म्हणाली, "अक्का, पुढल्या मिटिंगला आमच्या घरांबद्दल काय बोलू नगासा हं. तुमी छप्पर म्हनशीला आन् ते काय ऐकतील, कुनाला ठाव!"

म्हणजे ओणीला माहीत आहे. विठ्ठलराव नाही तर ऑफिसातला शिपाई, कुणीतरी बोललं असणार. मी ठरावात काय म्हटलं, ते सगळ्यांना माहीत आहे. फोनचं नाही.

तानूबाई शेवटी राहिली. तोंड धुताना म्हणाली, "त्यो विंजनेर रोज येतो ओणीत. संध्याकाळी. हिरीपाशी उभा ऱ्हातो, जातो. मी इचारलं, काय बगायलास गा? तर म्हनला, हे उकरायला किती लागंल ते मोजायलोय."

"किती लागेल?"

"मला काय सांगतोय त्यो! मी म्हटलं, ज्यानं भरलं त्यानं उकरावं. तर मान हलवली. भला मानूस वाटतोय, अक्का. तुमी त्याला लई बोललासा त्या दिशी."

टाकी एक वाजता संपली. दोघींचे केस तसेच राहिले.

शनिवार, २२ मार्च

कार्यकारी इंजिनिअर शीतल उपाध्ये यांचा फोन. हे गृहस्थ प्रभंजनच्या साहेबांचेही साहेब. गोड बोलणं, शुद्ध मराठी.

"शालिनीअक्का, कानावर आलं की तुम्ही विहिरीच्या बाबतीत काही निवेदन देणार आहात."

मी कुणालाही म्हटलेलं नाही! ह्यांना म्हटलं फक्त. हे बाजारात बोलले असणार. नवरा आणि भांडं, दोन्ही आवाज करतात.

"माझं ऐका," म्हणाले. "सत्तावीसला बजेट आहे. तुमच्या ओणीची पाइपलाइन, बासष्ट लाख, मी स्वतः यादीत घातली आहे. आता तुम्ही लिहून दिलंत की चूक सदस्यांची, तर ऑडिट विचारणार, एस्टिमेटवर सही करणाऱ्यांनी काय बघितलं? मग माझी सही, त्यावर आणखी दोघांची. सगळे तुमच्या वॉर्डाच्या नावानं बोटं मोडणार. पाइपलाइन राहील बाजूला. एका माणसापायी."

"एका माणसाची नोकरी आहे ती."

"एका माणसाची नोकरी, बावीस घरांचं पाणी. तुम्हीच तोला. सत्तावीसपर्यंत गप्प राहा, एवढंच."

तोलण्याची भाषा फार सोयीची असते. मी म्हटलं, ठीक आहे.

किती पटकन म्हटलं!

रविवार, २३ मार्च

पाइपलाइन झाली तर तानूबाईला रोज पाणी. विहिरीपेक्षा बरं. खरंच बरं. प्रभंजनला नंतर कुठेतरी लावून देता येईल. माझी ओळख आहे.

हे परत वाचलं. वही मिटते आहे.

सोमवार, २४ मार्च

प्रभंजननं नोटिशीला उत्तर दिलं. विठ्ठलरावांनी मला बाजूला घेऊन दाखवलं. आता मी त्यांच्याकडून सगळं वाचून घेते, लाज सोडली.

उत्तर पाच ओळींचं. 'सदस्यांनी विहिरीस झाकण बसविण्याची स्पष्ट सूचना दिली होती. माझ्या समजण्यात चूक झाली. सदस्यांचा दोष नाही. क्षमा असावी.'

स्पष्ट सूचना!

मी विठ्ठलरावांना विचारलं, हे त्यानं का लिहिलं? ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "वरून सांगितलंय त्याला. नगरसेविकेचं नाव घेतलंस तर नोकरी जाईलच, पुढे कंत्राटदारसुद्धा दारात उभं करणार नाही. चूक कबूल कर, आम्ही सांभाळून घेऊ."

"घेतील?"

विठ्ठलरावांनी रजिस्टर मिटलं. "चौकशी शनिवारी, एकोणतीसला, अकरा वाजता. एकदा लेखी कबुली हातात आली की कोण कुणाला सांभाळतं, अक्का?"

रिक्षात बसल्यावर कळलं की चष्मा तिथेच राहिला. परत गेले नाही. चष्मा तर चष्मा.

मंगळवार, २५ मार्च

ह्यांनी विचारलं, "तू फोनचं सांगणार आहेस की नाही कुणाला?" फोनचं मी ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. साखरपुड्यात माझ्या मागेच उभे होते म्हणे. ऐकलं होतं सगळं. पंधरा दिवस गप्प!

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"तुझा शब्द होता. तू बोलशील म्हणून थांबलो."

गुरुवार, २७ मार्च

बजेट.

सकाळी दहापासून सभागृहात. जाडजूड पुस्तक प्रत्येकाच्या पुढ्यात, आकडे कोटींत. निम्मे आकडे कुणालाच नको असतात, निम्मे कुणालाच मिळत नाहीत. महसुलाच्या बाजूला दर वर्षी घरपट्टीची वसुली फुगवून धरतात, म्हणजे खर्चाच्या बाजूला सगळ्यांची नावं घालता येतात. वसुली होत नाही, कामं होत नाहीत, पण पुस्तकात सगळे खूश. गेल्या वर्षी मी यावर बोलले होते. टाळ्या पडल्या. आकडे तेच राहिले.

आज मी फक्त माझं पान शोधत होते. पान एकशे बारा. माळगार ओणी पाणीपुरवठा पाइपलाइन. पुढे तरतूद — एक लाख.

मला वाटलं, एकसष्ट खाली कुठे असतील. नव्हते. उपाध्ये मागच्या रांगेत होते, त्यांच्याकडे वळून बघितलं. त्यांनी हातानं 'थांबा, थांबा' केलं. चहाच्या वेळी गाठलं.

"टोकन तरतूद आहे, अक्का. हेड उघडून ठेवलं. हेड उघडं असलं की पुढच्या वर्षी पैसे घालता येतात."

"बासष्ट लाखांच्या कामाला एक लाख?"

"दार उघडलं असं समजा."

एका लाखात नळाची तोटी येईल. चांगली, पितळी. मी उपाध्येंना माझं सहा दिवसांचं गप्प बसणं विकलं, आणि दर निघाला हा! पण दर जास्त निघाला असता तर? बासष्टच्या बासष्ट आले असते तर मी आज गप्प घरी आले असते. हे मला माहीत आहे. एक लाख निघाले म्हणून मी चांगली बाई होते आहे. लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःबद्दल काही वेगळं सांगणार नाही.

तिथेच, चहाच्या टेबलावर, निवेदन लिहिलं. ठरावातला शब्द माझा, फोनवरचा होकार माझा, अभियंत्यानं खात्री करून घेतली होती. आवक विभागात दिलं, नंबर घेतला. एक प्रत उपाध्येंच्या हातात.

त्यांनी वाचलं आणि — हसले. वाईट नाही, कौतुकानं! "हे तुमचं मोठेपण आहे, अक्का. पण फाइलला कुणाचं मोठेपण कळत नाही. ज्याची चूक, तो स्वतः लिहून कबूल करतोय. त्याच्या कबुलीपुढे तुमचं निवेदन म्हणजे एका ज्येष्ठ बाईंची दया. फोन झाला असेल, पण बोलणं काय झालं ते दोघांनाच ठाऊक, आणि तो म्हणतो तुम्ही बरोबर सांगितलंत. त्यानं उत्तर बदललं तर गोष्ट वेगळी. तो बदलणार नाही."

सभा संपल्यावर प्रभंजन स्कूटर स्टँडवर भेटला. मी म्हटलं, उत्तर बदला. खरं लिहा.

"बेडरी, मॅडम." नको म्हणाला. हेल्मेट छातीशी धरून उभा. "तुमचं नाव लिहिलं तर मला कोण ठेवून घेतंय इथं? आता निदान साहेब म्हणतायत, सांभाळतो."

"नाही सांभाळणार. मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे, मॅडम."

मग? मी विचारलं, मग का?

तो म्हणाला, "त्या दिवशी फोनवर तुम्ही कन्नड येत नाही का म्हणाला. मी घरी जाऊन बायकोला विचारलं, मी नीट विचारलं नव्हतं काय? ती म्हणाली, नीट विचारलं. पण मॅडम मोठे आहेत, त्यांना दोनदा विचारायचं नसतं. खरं आहे. दोनदा विचारायचं नसतं."

हेल्मेट घातलं आणि स्कूटर सुरू करून तो गेला.

माणसाला मी इतकं भ्यायला लावलं आहे की माझ्याविरुद्ध खरं बोलायलासुद्धा तो माझ्या हुकुमाची वाट बघेल. मग तसं तर तसं, हुकूमच देते.

शुक्रवार, २८ मार्च. सकाळी सात.

ह्यांना उठवून स्पेलिंगं विचारून, कन्नडमध्ये स्वतःच्या हातानं लिहिलं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आलं आहे. ह्यांच्या स्कूटरवरून आठला नेऊन देणार, पोच घेणार, प्रत आयुक्तांना. इथे मराठीत उतरवून ठेवते.

श्री. प्रभंजन यांस,

सदस्य या नात्यानं मी तुमच्याकडून पुढील माहिती मागत आहे. ती देणं तुमचं कर्तव्य आहे.

दिनांक १० मार्च २०२५ रोजी सायंकाळी ७.२० वाजता तुम्ही मला फोन करून काय विचारलंत? दुसऱ्यांदा विचारायला लागलात तेव्हा मी काय म्हणाले? माझे शब्द जसेच्या तसे लिहावेत. एकही सौम्य करू नये, माझ्या वयाचा विचार करू नये. २४ तारखेच्या उत्तरात 'सदस्यांनी स्पष्ट सूचना दिली होती' असं तुम्ही लिहिलं आहे. ते खोटं आहे. ते मागे घ्यावं.

या पत्रामुळे तुम्हाला कुणी त्रास दिल्यास नगरसेविकेच्या लेखी आदेशावरून उत्तर दिलं, असं सांगावं.

उद्याच्या चौकशीत ठेवायला उत्तर लेखी हवं. आज, शुक्रवार, सायंकाळी पाचच्या आत.

शालिनी नेसरीकर